बिलातली कुठली कामं घरी, कुठली सर्व्हिस सेंटरला

वॉरंटी संपल्यावरचं पहिलं सर्व्हिसिंगचं बिल मी घरी आणलं, मोटरसायकलचं मॅन्युअल शेजारी उघडून ठेवलं आणि एकेक ओळ ताडून पाहायला बसलो. मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो. किती किलोमीटरला काय तपासायचं, काय साफ करायचं, काय बदलायचं, हे सगळं कंपनीने त्यात लिहून दिलेलं असतं. बिलातली जवळपास निम्मी नावं त्या तक्त्यात नव्हतीच. इंजिन आतून साफ करणारी बाटली, गंज न लागण्याचा लेप, पॉलिश आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ. ते काय, असं विचारल्यावर ‘ग्रीस, कापड वगैरे’ एवढंच उत्तर मिळालं. तक्त्यात असलेलं एक काम मात्र बिलात नव्हतं. टॅपेट, म्हणजे इंजिनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा, व्हॉल्व्हचा गॅप, कुणी तपासला नव्हता. मी विचारलं तेव्हा सेंटरचे सल्लागार म्हणाले, “आवाज येत नाहीये ना सर, मग कशाला उघडायचं?” या उत्तराकडे पुढे येतोच.

त्या दिवसापासून ‘सेंटर की घर’ हा प्रश्न मी अख्ख्या गाडीसाठी विचारणं सोडलं. तो एकेका कामासाठीच विचारायचा असतो. काम बिघडलं तर नुकसान कुठवर जाईल? काम नीट झालंय हे मला माझ्या डोळ्यांनी किंवा मापाने ताडता येईल का? त्यासाठी लागणारं हत्यार पुन्हा पुन्हा कामी येईल, की एकदा वापरून पडून राहील? या तिन्हींची उत्तरं सोयीची आली, तरच ते काम घरी.

वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र हा विचार करू नये असंच माझं मत आहे. वॉरंटीची पुस्तिका वाचा, सांगितलेली सर्व्हिसिंग वेळेवर करून घ्या, बिलं जपून ठेवा. इंजिनमध्ये खरंच मोठं काही निघालं, तर ती बिलंच तुमच्या बाजूने उभी राहतात.

सुरुवात हत्यारांपासून. स्वस्त पान्यांचा मोठा डबा घेण्यापेक्षा गाडीला लागणारे मोजके पाने चांगल्या प्रतीचे घेतले. खराब पाना नटाची कड मारतो, आणि एकदा कड गेली की पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लागते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच नट आवळता येणारा पाना घेतला, कारण ‘हाताला पुरेसं घट्ट’ हे माप प्रत्येक हाताचं वेगळं. जपानी पद्धतीच्या गाड्यांचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखेच असतात, पण त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा एक ड्रायव्हर घेतला की हा त्रास मिटतो.

पहिलं काम ऑइलचं. ऑइल निवडताना कंपनीच्या नावापेक्षा डब्यामागची बारीक अक्षरं जास्त महत्त्वाची. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० (हे ऑइलच्या जाडपणाचं माप) लिहिलं असेल तर तेच घ्यायचं; जाड ऑइलने इंजिन जास्त टिकतं असं काही नाही. दुसरं बघायचं ते जेएएसओ एमए किंवा एमए२, हे दुचाकीच्या ऑइलचे जपानी दर्जे. मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि त्यांनी क्लच घसरू शकतो. एमबी हा दर्जा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी. तो आपल्या कामाचा नाही.

गाडी थोडी चालवून इंजिन कोमट करायचं, म्हणजे जुनं ऑइल पातळ होऊन पुरतं उतरतं. ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टखालचा वॉशर बहुतेक गाड्यांत दरवेळी नवा टाकायचा असतो. तो मऊ धातूचा असतो, दाबला जाऊनच सील करतो, आणि एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा तसं काम करत नाही. प्लग आधी बोटांनी बसवायचा. आटे सरळ पकडले की तो बोटांनीच जवळजवळ शेवटपर्यंत जातो. बोटांना अडला तर पाना लावायचा नाही, काढून पुन्हा सुरुवात करायची. इंजिनच्या केसिंगचे आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि ते गेले तर खर्च कितीतरी सर्व्हिसिंगच्या वर जातो. बिघडलं तर नुकसान कुठवर, या प्रश्नाचं उत्तर इथे मोठं आहे. पण बोटांनी आटे पकडणं आणि टॉर्क रेंचने शेवट करणं, एवढ्यात तो धोका आटोक्यात येतो. ऑइलची पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी. डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, फिरवून आत बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं, तेव्हा ते मॅन्युअलमधूनच पाहावं. काढलेलं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्यायचं. ते गटारात किंवा मातीत ओतणं मला अजिबात पटत नाही.

पैशाच्या हिशोबात खरा फरक मात्र चेनने पाडला. मजुरी वाचते ती थोडी. चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं) यांचा सेट जास्त टिकतो, बचत त्यातली. सेंटरला चेनवर भराभर स्प्रे मारला जातो, तोही बहुधा न धुतलेल्या चेनवर. त्याने वाळूची आणि तेलाची लुगदी होते आणि ती लुगदी दात झिजवते. शिवाय चेनकडे दर काही शे किलोमीटरला, पाऊस-चिखलात त्याहून लवकर, लक्ष द्यावं लागतं. सर्व्हिसिंगचं अंतर त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे ही सेंटरच्या कामचुकारपणाची गोष्ट नाही, हे काम मुळात गाडी वापरणाऱ्याचंच आहे.

मी असं करतो. फिरून आलो की चेन गरम असतानाच गाडी डबल स्टँडवर घेतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, मागचं चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणं म्हणजे बोटं गमावणं, हे कृपा करून कुणी करू नका. मऊ ब्रश आणि रॉकेल किंवा चेन क्लीनर. पेट्रोल नको, तारेचा ब्रशही नको, कारण ओ-रिंग असलेल्या चेनमध्ये कड्यांच्या आत कारखान्यातच ग्रीस भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. रिंग फाटली की ग्रीस गेलं, आणि ते बाहेरून परत भरता येत नाही. कोरडं पुसून मग खालच्या बाजूच्या चेनवर आतून ल्युब मारतो, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरतं. जास्तीचं पुसून टाकतो. ताण बघताना चाक फिरवत चेन सगळ्यात घट्ट कुठे होते ती जागा शोधतो आणि तिथेच माप घेतो. सैल जागेवर मापून घट्ट केली, तर तीच चेन घट्ट जागेवर येताना गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर देते. सैलपणा किती ठेवायचा ते चेनगार्डजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास. मागच्या चाकाचा ॲक्सल नट आवळल्यावर माप पुन्हा घ्यायचं, कारण आवळताना ते हलतं.

एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी यांवर फार लिहिण्यासारखं नाही. तेलकट कागदाचा, व्हिस्कस जातीचा फिल्टर हवेने फुंकून साफ करायचा नसतो, वेळ झाली की बदलायचा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. रात्रभर उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

आता टॅपेट. ‘आवाज नाही तर कशाला उघडायचं’ या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. गॅप वाढला की टकटक ऐकू येते, खरं आहे. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर सोडणारी झडप) आपल्या सीटमध्ये, म्हणजे टेकण्याच्या जागेत, हळूहळू बसत जातो तसा गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झालेलं इंजिन उलट जास्त शांत वाटतं. व्हॉल्व्ह मात्र सीटवर पुरता टेकत नाही. त्याची उष्णता हेडमध्ये जायला हा टेकण्याचाच वेळ असतो. तो मिळेनासा झाला की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. म्हणून मोजायचंच, आवाज असो वा नसो.

माझी गाडी स्क्रू आणि लॉकनटच्या टॅपेटची, एक सिलिंडरची. रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवतो आणि दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, बोटाने किंचित हलतात का ते पाहतो. हलले नाहीत तर पिस्टन वर असूनही स्ट्रोक वेगळा आहे, क्रँक आणखी एक फेरा फिरवायचा. मग फीलर गेजची, म्हणजे गॅप मोजायची ठरावीक जाडीची पाती. ती फुकट सरकायला नको आणि अडायलाही नको. ओढताना हलकीशी ओढ लागली की माप बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, त्यामुळे पाती पुन्हा घालून पाहिल्याशिवाय कव्हर बसवत नाही. हे काम मी घरी ठेवलंय ते पैशासाठी नव्हे. सेंटरच्या गर्दीत गाडी रात्रभर थंड व्हायला ठेवायला कुणाला सवड नसते, माझ्याकडे असते. ज्यांच्या गाडीत स्क्रूऐवजी बकेटखाली शिम (गॅप ठरवणाऱ्या चकत्या) आहेत, त्यांना गॅप बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागतो. तिथे मीही सेंटरचाच रस्ता धरला असता.

ब्रेकचे पॅड मी बदलतो. ब्रेक ऑइल मात्र सेंटरला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये हवा अडकली, तर काही गाड्यांत ती काढायला कंपनीचं निदान-यंत्रच लागतं. ब्रेक लागतोय असं वाटणं आणि पुरता लागणं यातला फरक मला गॅरेजच्या दारात उभं राहून ताडता येत नाही. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’.

सेंटरला जाताना आता जॉब कार्डावर कामं नावानिशी लिहून घेतो, ‘जनरल सर्व्हिस’ असं लिहू देत नाही. तक्त्यात नसलेलं काही न विचारता करू नये, जुने पार्ट परत द्यावेत, हेही त्यावर लिहायला लावतो. याला कुणी वाईट मानलेलं नाही. उलट मेकॅनिक स्वतः बाहेर येऊन जुना पार्ट दाखवतात, कुठे झिजलाय ते सांगतात, आणि त्यातून मला घरच्या कामासाठी खूप शिकायला मिळालं. चांगल्या मेकॅनिकची मजुरी मी घासाघीस न करता देतो, कारण आता मला त्या कामात काय काय असतं ते माहीत आहे. घरी केलेलं प्रत्येक काम तारीख आणि किलोमीटरसकट वहीत लिहितो, पार्टचं बिल तिथेच चिकटवतो. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला दाखवायला ती वही आहे.

सध्या कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, खराब झालाय. डबल स्टँडवर हँडल फिरवलं की मधोमध खाच लागल्यासारखं अडतं, म्हणजे रेसमध्ये (बेअरिंगच्या गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्यांत) खड्डे पडलेत. जुन्या रेस ठोकून काढायच्या, नव्या सरळ बसवायच्या, याला लागणारी हत्यारं मी एकदाच वापरणार, आणि रेस जरा तिरकी बसली तर हँडलिंगच बिघडणार. ते काम सेंटरचं. पुढचं चाक आणि फोर्क तेव्हा उतरलेले असतीलच, म्हणून फोर्कचे ऑइल सील त्याच मजुरीत बदलून मिळतील का, एवढं आधी विचारून घेणार आहे.