बारालाचा ते तांदी

हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधल्या नद्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याचं काम आमच्याकडे होतं. त्या दिवशी भागा नदी होती, उगमापासून संगमापर्यंत. नकाशा तोंडपाठ असूनही सुमारे ४,८९० मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीत उभी राहिले आणि भान हरपलं. खिंडीच्या एका अंगाला चंद्रा निघते, दुसऱ्या अंगाला सूरजतालातून भागा. उत्तरेकडचं पाणी युनाम नदीतून झंस्करला आणि तिथून सिंधूला जातं. चंद्रा आग्नेयेकडे उतरून बातल, कोकसर, सिस्सू असा लांबचा वळसा घेते. भागा दारचा, केलांगवरून येते. मधल्या डोंगरांना दोन्हीकडून वेढा घालून दोघी तांदीला भेटतात.

आमचे ड्रायव्हर केलांगचे. सकाळपासून त्यांचा एकच धोशा होता, "मॅडमजी, दोपहर के बाद नाला बढ़ेगा." ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार कलते. झिंगझिंगबारजवळचा नाला सकाळी घोट्याएवढा होता, दुपारी परतताना त्याच्या तळाशी दगड एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज येत होता. नमुना घेतला, तर फिल्टरचा पांढरा कागद बघता बघता राखाडी झाला. बोटावर चोळला, तर अगदी पिठासारखा. हिमनदीने दळलेला खडक होता तो! त्या कागदाकडे मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे.

तांदीला पोचलो तेव्हा एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. लाहौली माणसाला हा संगम फार पवित्र आहे. त्यांचं आटोपेपर्यंत आम्ही बाटल्या उघडल्या नाहीत. नंतर त्यांच्यातले एक आजोबा जवळ आले आणि हे कुठलं पाणी नेता म्हणून विचारू लागले. आमच्या छापील तक्त्यात संगमाखालच्या जागेपुढे 'चिनाब' लिहिलेलं होतं, तेच मी वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बेटी, यहाँ चंद्रभागा है. चिनाब तो नीचे वाले बोलते हैं."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरी पंढरीची वारी आहे. तिथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, इथे मात्र चंद्रा आणि भागा खरोखरच एकत्र येतात. ऋग्वेदातली असिक्नी हीच, ग्रीकांची अकेसिनीसही हीच. इतकी नावं पचवलेल्या नदीला तिच्या काठच्या माणसांनी दिलेलं नाव तक्त्यातून गाळायचं, हे मला पटेना.

त्याच संध्याकाळी केलांगला आमच्या प्रमुखांशी फोनवर बोलले. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मान्य केलं. अहवालात तांदीपासून पांगीपर्यंतच्या सगळ्या नमुन्यांपुढे 'चंद्रभागा' आहे. 'चिनाब' खाली जम्मूतल्या किश्तवाडपासून सुरू होते.