रूम सोडताय? आधी गादीचं बघा

मे संपत आला की पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, कर्वेनगरात एकच देखावा: कचऱ्याच्या डब्याला टेकून उभी केलेली गादी, शेजारी बादली, बादलीत हँगर आणि निम्मी शांपूची बाटली. यातल्या बहुतेक वस्तूंना पंधरा दिवस आधी घेणारं कुणीतरी होतं. शेवटच्या संध्याकाळी, टेम्पो दारात उभा असताना, कुणीच नसतं. म्हणून आवराआवर पेपर संपल्यावर काढू नका, पेपरांच्या आधी काढा. निदान तीन आठवडे हातात हवेत.

कूलरचंच घ्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो विचारलेल्या भावाच्या आसपास जातो. वळवाचा पहिला पाऊस पडला की तोच कूलर भंगाराच्या भावात. गरमी सहन होत नसेल तर निदान गिऱ्हाईक आधी ठरवून ठेवा आणि ताबा जाताना द्या. देण्याआधी टाकी रिकामी करून दोन दिवस कोरडी होऊ द्या. पत्र्याची टाकी असेल तर तळाचा कोपरा बोटाने दाबून बघा. गंज आधी तिथे धरतो, आणि गिऱ्हाईकही आधी तिथेच बघतं.

आता गादी. ही खरी डोकेदुखी, कारण भंगारवाला घेत नाही, घंटागाडीत बसत नाही आणि एसटीवर टाकून गावी नेण्याइतकी ती मोलाची नसते. गादी आत कशाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं. कापसाची असेल तर ती टाकाऊ नाहीच. सहा बाय तीनच्या गादीत साधारण आठ-दहा किलो कापूस असतो. गादीवाल्याकडे तो पिंजून नव्या खोळीत भरून मिळतो. पिंजण्याआधी आणि नंतर वजन समोर करून घ्या. थोडी घट येणारच, ती धुळीची. फार घट आली तर विचारा. फोमची गादी पिंजता येत नाही. मधोमध खड्डा पडला की तिचं आयुष्य संपलं, ती कुणाला 'दान' करू नका. काथ्याची गादी मोडेपर्यंत चालते, पण एकदा भिजली की आतून बुरशी धरते.

कुठलीही गादी दुसऱ्याला देण्याआधी ढेकूण बघा. मोबाइलचा टॉर्च लावून चारही कडांची शिवण बोटाने उलगडत जा. शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके दिसले तर तो ढेकणांचा मुक्काम समजा. अशी गादी उन्हात टाकली की काम झालं, असं सगळेच म्हणतात. होत नाही. ढेकूण आणि त्यांची अंडी मरायला पन्नास अंशांच्या आसपास तापमान थेट त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. जाड गादीचा वरचा थर तापतो, ढेकूण खालच्या सावलीत सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर परत खोलीत येतात. ढेकणांची गादी टाकायचीच असेल तर खोळ चाकूने उभी फाडा आणि वर ठळक मार्करने 'ढेकूण' लिहा. नाहीतर रात्री कुणीतरी ती चांगली समजून उचलून नेतं.

चांगल्या गाद्या जुलैत येणाऱ्या नव्या मुलांसाठी ठेवायच्या असतील तर प्रश्न जागेचा नाही, ओलीचा आहे. पावसाळ्यात भिंतीला टेकलेली गादी महिनाभरात बुरशी धरते. खाली लाकडी फळ्या किंवा विटा, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि वर जुनी चादर. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळाल तर आतली दमट हवा आतच राहते.

पुस्तकांत वय बघायचं नाही, पॅटर्न बघायचा. विद्यापीठाचा एखादा पॅटर्न, म्हणजे ठरावीक वर्षी लागू झालेला अभ्यासक्रम, शिकवला जातोय तोवर त्याच्या पुस्तकांना अप्पा बळवंत चौकात विचारणारं असतं, नंतर ती रद्दी. स्पर्धा परीक्षांचंही तेच: राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वस्तुनिष्ठ मुख्य परीक्षेचे प्रश्नसंच एका फटक्यात किलोवर गेले. पायाभूत पुस्तकं मात्र टिकतात, ती अभ्यासिकेतल्या ज्युनिअरला द्या. वह्यांतली कोरी पानं काढून दोऱ्याने शिवली की रफ वही तयार. रद्दीत देताना स्पायरलची तार आणि प्लॅस्टिकचं कव्हर वेगळं करा.

कपडे धुऊन, वाळवून, मगच पिशवीत. एका पिशवीत तेलाची उघडी बाटली सांडली की आतले वीस शर्ट गेले. बोहारीण अजून येत असेल तर जीन्स आणि चादरींवर एखादं पातेलं सुटतं, बनियन-मोज्यांवर काही नाही.

आणि हो, 'वॉचमनकाकांना देऊन टाक' हा उपाय नाही. त्यांची खोली आठ बाय दहाची, त्यात चार मजल्यांचं सामान कुठे मावणार? आधी विचारा, काका काय हवंय ते सांगतील. मेसच्या मावशींनाही तसंच. बादली, मग, स्टीलची ताटं बहुतेक वेळा हवी असतात, चिरलेली बाटली नको असते.

पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था मोठ्या आणि जुन्या वस्तू वेगळ्याने गोळा करते. त्यांच्याशी आधी बोलून दिवस ठरवा, ढकलगाडीवाल्या ताईंच्या अंगावर ऐनवेळी टेबल टाकू नका. बंद पडलेली इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, चार्जर ई-कचऱ्यात, वायर गुंडाळून आणि चिकटपट्टीवर 'तापत नाही' असा बिघाड लिहून. फुगलेली पॉवर बँक ओल्या-सुक्या कचऱ्यात कधीच टाकायची नाही. गाडीत दाबली गेली की पेट घेते. ती चार्ज करू नका, भोक पाडू नका, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा संकलनात द्या.

राहिली गॅसची टाकी. पुढच्या भाडेकरूला 'वापर रे' म्हणून सोडून जाऊ नका, कनेक्शन तुमच्या नावावर आहे. १४.२ किलोची टाकी आणि रेग्युलेटर दोन्ही एजन्सीत न्या, सोबत सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेला कागद. त्यावर लिहिलेलं डिपॉझिट परत मिळतं आणि कनेक्शन बंद केल्याचं टर्मिनेशन व्हाउचर हातात येतं. मूळ कागद हरवला असेल तर तसं लेखी द्यावं लागतं, त्यात एखादा दिवस जातो. म्हणून हे काम रेल्वेच्या तिकिटाच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.