पोर्शे ९११ एससीचे तुटलेले हेड स्टड

खालचं व्हॉल्व्ह कव्हर उघडल्यावर त्यात नट आणि स्टडचा (सिलिंडर हेड इंजिनच्या क्रँककेसला आवळून धरणाऱ्या लांब बोल्टचा) तुकडा सापडला, तर इंजिन उतरवायचंच. एकूण २४ स्टड. तुटतात ते बहुधा एक्झॉस्टकडचे, म्हणजे खालचे, डिलावारचे. हा मिश्रधातू ॲल्युमिनियमसारखा प्रसरण पावतो, पण गंजाचे खड्डे पडले की तिथूनच तडकतो.

काढण्याआधी शाबूत स्टडची क्रँककेसबाहेरची उंची मोजून ठेवा. मुळाशी लॉकिंग केमिकल असतं, म्हणून क्रँककेस गॅस टॉर्चने नीट तापवा, मगच हळूहळू फिरवा. अगदी खोल तुटला असेल तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करा. ईझी-आउट (तुटलेला बोल्ट आतून पकडून काढायचं कडक पोलादी हत्यार) नकोच! तो आत मोडला तर ड्रिलही चालत नाही.

खालचे बाराही बदला, साधे स्टीलचे चालतात. नट टप्प्याटप्प्याने, तिरप्या क्रमाने, सुमारे ३२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.