मैद्यानंही धरलं असतं का?

प्लायवूडच्या गोंदात मैदा असतो हे सांगितलं, की घरचे हसतात. यमुनानगरच्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट आहे, तिथे रेझिनच्या किटलीशेजारीच मैद्याची पोती रचलेली असतात. युरिया-फॉर्मल्डिहाइड, म्हणजे आमच्या नेहमीच्या गोंदाचं रेझिन, नुसतंच लावलं तर पॉप्लर लाकडाचे आतले खरखरीत थर (कोअर) ते पिऊन टाकतात, सांध्यात काही उरत नाही. मैदा गोंदाला वर धरून ठेवतो.

आमची ट्रायल मात्र फॉर्मल्डिहाइडच काढून टाकायची होती. २००४ साली आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. प्रेसवरची माणसं अजून रोज तेच हुंगतात आणि मास्क ऑडिटच्या दिवशी कपाटातून निघतात. त्याऐवजी सोयापीठ, पीएई रेझिन (सोयाचं प्रथिन बांधून ठेवणारं, फॉर्मल्डिहाइड नसलेलं) आणि थोडं नॅनोसेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्याचे अतिसूक्ष्म तंतू. पिठातच आधी जीव गेला. परचेसने स्वस्त मिळाली म्हणून पशुखाद्याची डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, उचलली. ती भाजलेली असते, तिच्यातलं प्रथिन पाण्यात नीट उतरतच नाही. हे मी लेखी दिलं होतं.

नॅनोसेल्युलोज आलं ते जेल होऊन: दोन टक्के तंतू, बाकी पाणी. १०० किलो गोंदात ३० किलो घन धरा. त्याचा एक टक्का म्हणजे ३०० ग्रॅम तंतू, आणि तेवढ्यासाठी १५ किलो जेल. त्यातलं १४.७ किलो पाणी मूळ पाण्यातून वजा केलं नाही, तर प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि शीट फुगते. शोधनिबंधांतले नमुने तळहाताएवढे, त्यांतली वाफ कडेनं पळते. आठ-बाय-चारच्या शीटमध्ये मधल्या वाफेला कड गाठायला दोन फूट जावं लागतं.

सकाळचा लॉट छान निघाला. जेवणाच्या सुट्टीत स्प्रेडर, म्हणजे रोलरनं गोंद लावणारं मशीन, थांबला आणि ट्रेमधला गोंद दह्यासारखा बसला. मशीनवरच्या उस्तादनं फोर्ड कप भरला (तळाला भोक असलेला, गोंदाचा घट्टपणा मोजायचा कप), थेंब पडेना. "मॅडमजी, ग्लू मर गया." युरियाचा गोंद असा झाला तर मेलेलाच असतो. हा मात्र रोलर फिरला की पुन्हा पातळ होतो. मी पोचेपर्यंत त्यानं बादलीभर पाणी ओतलं होतं. दुपारच्या शीट फोड येऊन निघाल्या. मॅनेजरनी लगेच निकाल दिला, सोया बेकार. उस्तादला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही; ट्रायलचा कागद इंग्रजीत होता, आणि तो मॅनेजरच्या मेलमध्येच राहिला.

संध्याकाळी सकाळच्या शीटची नाइफ टेस्ट केली, म्हणजे सुरीनं थर उचकटून पाहिले; गोंदाऐवजी लाकूड फाटलं तर सांधा पक्का. सुरीबरोबर लाकडाचे रेषे उपटून आले. मी खूश. उस्ताद शीट उलटसुलट करून म्हणाला, "गाढ़ा था, इसलिए पकड़ा. मैदे से भी पकड़ता."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आमची तुलना जेल न घातलेल्या साध्या सोया-गोंदाशी, आणि तो पातळ असतो. मग सांधा धरला कुणी, तंतूंनी की घट्टपणानं? मैदा घालून तेवढाच घट्ट सोया केला. कोरड्यात दोन्हींनी सारखंच लाकूड फाडलं. ६० अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवल्यावर मैदावाल्यांचे कोपरे नखानं सुटले, जेलवाले बहुतेक टिकले. सगळे नाहीत. आणि दोन्ही गोंद कपात सारखे मोजले, तरी रोलरखाली ते सारखे वागत नाहीत, म्हणून ही तुलनाही मला पुरती पटलेली नाही.

मैदा आणि जेल निम्मं-निम्मं घालून बघा, हे उस्तादनंच सुचवलंय. युरिया-गोंदाच्या प्लायची मोठी ऑर्डर आलीय, त्यामुळे प्रेस मिळत नाही.