जिंजी: बारापैकी एकटा पडलेला किल्ला

कंडक्टर ‘सेंजी, सेंजी’ ओरडत होता आणि मी आपली ‘जिंजी’ची वाट बघत बसले होते. शेजारच्या आजींनी खिडकीतून डोंगराकडे बोट केलं म्हणून बरं, नाहीतर थेट तिरुवण्णामलैला उतरले असते. पाँडिचेरीहून इथवर दोनेक तासांची बस. उतरल्यावर रिक्षावाल्याला ‘कोट्टै’ (म्हणजे किल्ला) म्हटलं, तर तो हसून म्हणाला, ‘देसिंगु राजा कोट्टै!’ म्हटलं, असेल बाबा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हापासून हे डोक्यात होतं. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखा आनंद. साल्हेर, राजगड, प्रतापगड प्रत्येकाने दोनदोनदा केलेले. पण बारातला जो एकटा तमिळनाडूत आहे, तो केलेला माणूस एकही सापडेना.

किल्ला म्हणजे एक डोंगर नव्हेच. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर आणि त्यांना जोडत गेलेली तटबंदी. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय झालेल्या डोळ्यांना हे डोंगर विचित्रच वाटतात. कुणीतरी गोटे आणून ओतावेत तसे ग्रॅनाइटचे धोंडे एकावर एक. घरंगळत कसे नाहीत, हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही.

पायथ्याशी कल्याण महाल आहे. चौकाच्या मधोमध निमुळता होत गेलेला मजल्यांचा मनोरा, माथ्यावर पिरॅमिडसारखं छत. शेजारी धान्याची कोठारं. आत टाळी वाजवली तर आवाज बराच वेळ घुमत राहतो. मी दोनदा वाजवली, तिसऱ्यांदा रखवालदार आला.

राजगिरी चढायचा तर सकाळीच, दुपारनंतर वर सोडत नाहीत. साधारण आठशे फुटांची चढण. पायऱ्या चांगल्या आहेत, पण ऊन तमिळ आहे आणि माकडं त्याहून. माझी चिवड्याची पिशवी अर्ध्या वाटेत गेली. अगदी वर, माथ्याच्या अलीकडे, डोंगराला एक खोल भेग आहे. ती ओलांडायला छोटा पूल. हा पूल काढून घेतला की संपलं, वर कुणी येऊच शकत नाही. त्या पुलावर थांबून खाली बघितलं, आणि या जागेला आठ वर्षं वेढा का लागला ते कळलं.

राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेष पालटून निघाले ते १६८९च्या नोव्हेंबरात इथे पोहोचले. वाटेत बेदनूरच्या राणी चेन्नम्मांनी आसरा दिला. वय १९. भाऊ मारला गेलेला, वहिनी आणि पुतण्या रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती. आणि ज्याने रायगड घेतला तोच झुल्फिकारखान पाठोपाठ इथे वेढा घालायला हजर. थोरल्या महाराजांनी १६७७ मध्ये विजापूरकरांकडून हा किल्ला घेऊन मजबूत केला होता, तो बारा वर्षांनी धाकट्या लेकाच्या असा कामी आला.

वेढा तरी कसला? संताजी घोरपडे आणि धनाजी जाधवांनी बाहेरून मोगलांची रसद अशी तोडली की वेढा घालणारेच वेढले गेले. औरंगजेबाचा मुलगा कामबक्ष आतल्यांशी संधान बांधतोय म्हणून मोगलांनी त्यालाच छावणीत कैद केलं. आणि याच धामधुमीत, १६९१ मध्ये, राजाराम महाराजांनी आपले सरदार हणमंतराव घोरपड्यांना एक सनद दिली. रायगड, विजापूर, भागानगर (म्हणजे हैदराबाद), औरंगाबाद जिंकल्यावर काय देऊ, ते तीत लिहिलंय. आणि शेवटी दिल्ली. खाली मोगल बसलेत आणि वर बसून हे दिल्लीचा हिशेब करतायत! मला तर हसूच आलं, मग जरा वेळाने अंगावर काटा आला.

१६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला, पण त्याआधीच महाराज निसटले होते.

माथ्यावरच्या रंगनाथाच्या देवळापाशी एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. मला लिंबूभात दिला. मी मोठ्या उत्साहाने मोडक्या इंग्रजीत राजारामाची गोष्ट सांगितली. शाळकरी मुलीने शांतपणे ऐकून घेतली आणि मग मला देसिंगु राजाची सांगितली. मोगलांनी नेमलेल्या बुंदेल्याचा हा पोरगा तेजसिंग. अर्काटच्या नवाबाला खंडणी देईना, १७१४ मध्ये मूठभर स्वारांनिशी भिडला आणि मारला गेला. त्याचा घोडा, त्याचा मुसलमान मित्र, त्याची सती गेलेली राणी, सगळं तिला तोंडपाठ. इथल्या लोकगीतांत हा किल्ला त्याचा. दहा महिने राज्य केलं असेल-नसेल. आमची आठ वर्षं त्या गाण्यांत कुठेच नाहीत. क्षणभर मला राग आला, खोटं कशाला सांगू. लिंबूभात मात्र फार चांगला होता.

संध्याकाळी पाँडिचेरीला परत. समुद्रकाठी गांधीजींच्या पुतळ्याभोवती नक्षीचे उंच दगडी खांब आहेत. आदल्या दिवशी मी त्यांच्यासमोर फोटो काढला होता. १७५० नंतर किल्ला काही वर्षं फ्रेंचांकडे होता, तेव्हा जिंजीहून आणलेले ते खांब. एका खांबाला टेकून एक मुलगा कुल्फी खात होता, आणि कुल्फी दगडावर गळत होती.