पूर गावात, आम्ही बदामीत

गोवा-कर्नाटक सीमेवरच्या चोर्ला घाटाच्या माथ्यावर, कणकुंबीच्या आसपास पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. पूर्वेला उतरलेले पाणी मलप्रभेला मिळून बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतून कृष्णेकडे जाते. पश्चिमेला उतरलेले पाणी म्हादईला मिळते, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आमच्या गावाच्या कडेने वाहते आणि पुढे मांडवी होऊन समुद्राला मिळते. मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच आहे आणि म्हादई त्याच खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात उगम पावते. या पाण्यावरून दोन राज्यांत चाललेले भांडण गोव्यातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. २०१८ मध्ये लवादाचा निवाडा येऊनही ते मिटलेले नाही. जुलै २०२१ मध्ये मात्र आमच्या कुटुंबाचेच असे दोन वाटे झाले होते. सासूबाई, भावोजी आणि जाऊबाई म्हादईकाठी पुरात होत्या, आणि आम्ही तिघे, म्हणजे यजमान, मुलगा आणि मी, मलप्रभेच्या काठी, कोरड्या आभाळाखाली, भाड्याने आणलेल्या कॅराव्हॅनमध्ये होतो.

भर पावसात गोव्याबाहेर पडण्यामागे आमचा हिशेब साधा होता. सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशात जुलै महिना सुखाचा असतो, ऊन सौम्य असते आणि बदामी, ऐहोळे, पट्टदकल येथील लेणी व देवळे सावकाश पाहता येतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर स्मारके नुकतीच उघडली होती. हॉटेलात उतरण्याचे धाडस होत नव्हते, म्हणून यजमानांनी हुबळीच्या एका मालकाकडून फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन ठरवली. सासूबाईंनाही चला म्हटले, पण आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागला होता आणि गोठ्यात म्हैस गाभण होती. शिवाय, “घर सोडून जायचे आणि पुन्हा घरच घेऊन फिरायचे, यात प्रवास तो कुठला?” असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता, ज्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

गुरुवारी, २२ जुलैला, बातम्यांत चिपळूण पाण्याखाली गेलेले दिसत होते आणि महाबळेश्वरला प्रचंड पाऊस पडत असल्याची बातमी सगळीकडे फिरत होती. आम्ही पट्टदकलजवळ एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या खळ्यावर गाडी लावून राहिलो होतो. शुक्रवारी पहाटे भावोजींचा फोन आला. कुळागराच्या, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेच्या, खालच्या बांधावरून पाणी आत आले होते आणि पंपाच्या मोटारीची खोली दिसेनाशी झाली होती. आमच्याकडे म्हादई दर पावसाळ्यात कुळागराच्या पायथ्याशी येऊन परत जाते, त्यामुळे पहिल्या फोनला फारसे कुणी घाबरले नाही. दुसऱ्या फोनला पाणी गोठ्यात होते.

त्या दिवशी नदी का उतरली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. घाटमाथ्यावर रात्रभर मुसळधार पाऊस कोसळत होता हे एक कारण झाले. दुसरे कारण खालच्या बाजूचे होते. मांडवीत भरतीचा प्रभाव समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोहोचतो, आणि गुरुपौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती. पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. अशा वेळी वरून आलेला लोंढा खाली मोकळेपणाने जाऊ शकत नाही, तो तुंबतो आणि काठावर पसरतो. पुढे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले. आमच्या सासूबाईंना ८२ चा पूर आठवतो, आणि त्या वेळी पाणी कुठवर आले होते याची खूण ओटीच्या खांबावर आहे. सकाळी ती खूण बुडाल्याचे त्यांनी मला फोनवर सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा नाराजी अधिक होती.

घर सोडण्याआधीच्या तासाभरात जाऊबाईंनी जे केले, ते मी त्यांच्याकडून नंतर पुन्हा पुन्हा विचारून घेतले आहे, कारण त्या क्रमात मला मोठे शहाणपण दिसते. त्यांनी प्रथम म्हशीचे दावे सोडले आणि तिला टेकाडाच्या वाटेला लावले. मग तांदळाची पोती आणि सोललेल्या सुपारीचे पोते माळ्यावर गेले. गॅसचा सिलिंडर त्यांनी शेगडीपासून सोडवून खिडकीच्या गजाला सुंभाने बांधला, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि घरभर फिरून भांडी, दारे, माणसे जे सापडेल त्यावर आदळतो. देव्हाऱ्यातले देव सासूबाईंनी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि तो डबा स्वतःच्या मांडीवर घेऊनच त्या देवळाच्या सभामंडपात जाऊन बसल्या. विजेचा मुख्य खटका भावोजींनी सर्वांत आधी बंद केला होता. कागदपत्रांची पिशवी मात्र कुणालाच शोधावी लागली नाही, कारण ती कायम दाराच्या खुंटीला असते. सत्तरीत नदीकाठी राहणाऱ्या बऱ्याच घरांत ती अशीच असते.

इकडे कॅराव्हॅनमध्ये फ्रिज चालू होता, टाकीत शंभर लिटर पाणी होते, छतावरचे सौर पॅनल बॅटरी भरत होते आणि दोन शेगड्यांपैकी एकीवर चहा उकळत होता. आपल्या माणसांच्या चुलीत पाणी गेलेले असताना आपण कोरड्या गादीवर बसून चहा प्यावा, याचा संकोच वाटतो, आम्हालाही वाटला. पण तो संकोच फार काळ टिकू देण्यासारखी परिस्थिती नव्हती. गावात वीज बंद होती, मोबाइल टॉवर बॅटरीवर चालत होता, आणि मंडपात जमलेल्या लोकांकडे मिळून दोन-तीन फोन जिवंत होते. त्या फोनांवर पणजी, मुंबई आणि दुबईच्या नातेवाइकांचे अखंड फोन येत होते, आणि प्रत्येकाला तेच उत्तर देण्यात उरलेली बॅटरी संपत होती.

यजमानांनी तेव्हा भावोजींना निक्षून सांगितले की, आता फोन बंद ठेवायचा, दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे चालू करायचा आणि फक्त आमच्याशी बोलायचे. बाकी सर्वांनी आम्हाला विचारावे, असा निरोप आम्ही सगळीकडे पाठवला. त्यानंतरचा दिवसभर ती कॅराव्हॅन गावाची टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. घडीच्या टेबलावर वही उघडून मी एका बाजूला मंडपात पोहोचलेल्या माणसांची नावे लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचा पत्ता लागत नव्हता त्यांची. आपत्ती व्यवस्थापन कक्षाला गावातून फोन लागत नव्हता, आमच्याकडून लागत होता. खालच्या वाड्यावर, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीत, एक वृद्ध जोडपे अडकल्याचे भावोजींनी सांगितले, आम्ही ते कळवले, आणि अग्निशामक दलाच्या जवानांनी त्यांना दोराच्या आधाराने बाहेर काढले. आम्ही फोन केला नसता तर दुसऱ्या कुणी केला असता, हेही खरे; पण निरोप जायला वेळ लागला असता.

दुसरे काम अफवा थांबवण्याचे होते, आणि ते जास्त दमवणारे ठरले. दुपारनंतर “धरणाचे दरवाजे उघडले, आता आणखी पाणी येणार” असे संदेश फिरू लागले. मंडपातली माणसे त्यामुळे अंधारातच आणखी वर, रानात, जायच्या तयारीत होती. धरण कुठले, हे कोणताही संदेश सांगत नव्हता. अंजुणे धरणाचे पाणी वाळवंटीत जाते आणि साखळी, डिचोलीकडे उतरते. तिळारीचे पाणी शापोऱ्याला मिळते आणि त्याचा धोका दोडामार्ग, कोलवाळच्या बाजूला असतो. आमच्या वाड्याच्या वर म्हादईवर दरवाजे उघडावेत असे मोठे धरण नाही. हे भावोजींनाही ठाऊक होते, पण भिजलेल्या, घाबरलेल्या माणसांना ते बाहेरून कुणीतरी ठामपणे सांगावे लागते. फोन स्पीकरवर ठेवून यजमानांनी ते सांगितले आणि लोक मंडपातच थांबले. जुन्या पुराच्या चित्रफिती आजच्या म्हणून पाठवणाऱ्यांविषयी मला जे वाटते, ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही.

“तुम्ही लगेच का निघाला नाहीत?” हा प्रश्न आम्हाला नंतर अनेकांनी विचारला, काहींनी खोचकपणे. निघून जायचे कुठून, हा साधा प्रश्न होता. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले होते, पुढे कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेचे. अंकोल्याकडे उतरणाऱ्या अरबैल घाटात दरड कोसळली होती. रेल्वेचीही तीच गत होती: चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वेवरून वळवून मडगाव-लोंढामार्गे सोडलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरडीमुळे घसरली, तिच्यात ३४५ प्रवासी होते आणि सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चोर्ल्यात झाडे आणि माती रस्त्यावर आल्याचे बेळगावहून भाजी घेऊन निघालेले गाडीवाले सांगत होते. अशा घाटात जवळजवळ तीन मीटर उंचीची, वाऱ्याला शिडासारखी अडणारी गाडी घालणे म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या कामात स्वतःची भर टाकणे होते. माझे मत तेव्हाही हेच होते आणि आजही आहे, की पुराच्या दिवशी पोहोचलेल्या माणसापेक्षा पुराच्या दुसऱ्या दिवशी सामान घेऊन पोहोचलेला माणूस घराला जास्त हवा असतो.

शिवाय आमच्या खालूनही एक नदी वाहत होती. शेताच्या मालकाने सांगितले की, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेचे पाणी पट्टदकलच्या देवळांत शिरले होते. वर नविलुतीर्थाचे धरण आहे, त्यामुळे कणकुंबीचा पाऊस तिथे अडतो, पण धरण भरले की तेच पाणी उशिराने आणि एकदम खाली येते. आभाळात ढग नसताना पूर येऊ शकतो, हे आमच्या मुलाला पटत नव्हते. आम्ही त्याच संध्याकाळी गाडी काठापासून हलवली आणि बदामीच्या उंचावरच्या रस्त्यालगत लावली. त्याने वहीत दोन नद्यांचा नकाशा काढून मध्ये कणकुंबीचा ठिपका दिला, आणि मग निमूटपणे भांडी विसळून दिली.

रविवारी चोर्ला घाट लहान गाड्यांसाठी मोकळा झाल्याचे कळले. आम्ही बेळगावला येऊन सामान भरले: ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या, रबरी हातमोजे, फावडी, मुलांचे कपडे आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. कॅराव्हॅनच्या मालकाला फोन करून गाडी पुरग्रस्त गावात नेण्याची परवानगी मागितली. त्याने ती दिली, पण चिखल धुऊन देण्याची अट घातली, जी रास्त होती. रस्ता मोठ्या गाड्यांना उघडेपर्यंत आम्ही थांबलो, आणि मग केरी, वाळपई करत करोनाचे प्रमाणपत्र दाखवत घरी पोहोचलो.

घरात भिंतींवर गुडघ्याच्या वर मातीची रेषा होती आणि जमिनीवर चार बोटे गाळ. विहिरीचे पाणी चहासारखे झाले होते. त्या आठवड्यात कॅराव्हॅनचा खरा उपयोग झाला. तिची टाकी बेळगावहून भरून आणली होती, त्यातून शेजारच्या दोन घरांतल्या लहान मुलांना पिण्याचे पाणी दिले. छतावरच्या पॅनलवर वाड्यातले फोन आळीपाळीने चार्ज होत होते आणि त्यासाठी मुलाने दारात नावांची यादी चिकटवली होती. वीज येईपर्यंत सासूबाई कॅराव्हॅनमध्ये झोपल्या, मात्र शौचालय शेगडीपासून हाताच्या अंतरावर असणे त्यांना अजिबात मान्य नव्हते. त्यांनी आत स्वयंपाक करू दिला नाही. अंगणात तीन दगड मांडून पेज शिजवली आणि देवांचा डबा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवर, सर्वांत उंच जागी, ठेवला.

तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा भावोजींनी गाळातून काढलेली मोटार, भिजलेल्या सुपारीचे पोते आणि पडलेली गोठ्याची भिंत दाखवली. माळ्यावर एक पोते कमी चढले होते, ते बुरशी येऊन गेले. भिंतीची भरपाई मिळाली, सुपारीची नाही, कारण ती आधीच तोडून घरात आणलेली होती आणि उभ्या पिकाच्या नुकसानीत बसत नव्हती. मोटारीचे वाइंडिंग नव्याने करून घ्यावे लागले आणि ती चतुर्थीच्या आधी सुरू झाली. कॅराव्हॅन आम्ही घासून, पुसून, फटींतला गाळ जुन्या टूथब्रशने काढून परत केली. वाढीव दिवसांचे भाडे मालकाने पूर्ण लावले. सासूबाईंनी त्याचा आकडा ऐकून घेतला, आणि पुढच्या वेळी पंढरपूरला न्यायची असेल तर शौचालय नसलेली गाडी बघा, असे यजमानांना बजावले.