हेरोदाची फसलेली मोहीम

नाताळच्या देखाव्यात गव्हाणी असते, मेंढरं असतात, उंट असतात. किल्ला कुणी मांडत नाही. खरं तर येशूच्या जन्मगावाच्या, बेथलेहेमच्या आग्नेयेला पाचेक किलोमीटरवर हेरोदियम हा हेरोद राजाचा डोंगरी किल्ला आहे. शंकूसारखा तो डोंगर गावातून सहज दिसतो. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) सांगितलेल्या गोष्टीतही सैन्य आहे (मूळ ग्रीक शब्द ‘स्ट्रातिया’, म्हणजे सरळसरळ फौज), पण ते स्वर्गातलं. स्तुती करून परत जातं. जमिनीवरच्या हालचाली कळतात त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात.

त्या समजायच्या तर आधी इ.स.पू. 40 मध्ये जावं लागतं. त्या वर्षी रोमचं पूर्वेकडचं शत्रुराज्य पार्थिया, त्याच्या फौजा जेरुसलेमात घुसल्या आणि त्यांनी हेरोदाचा प्रतिस्पर्धी अंतिगोनस याला गादीवर बसवलं. हेरोद रातोरात घरच्यांना घेऊन दक्षिणेकडे निसटला. वाटेत पाठलाग करणाऱ्यांशी जिथे चकमक झाली, तिथेच त्याने पुढे हेरोदियम बांधला. कुटुंब मसादाच्या गडावर ठेवून तो मिसरमार्गे (इजिप्तमार्गे) रोमला गेला. सिनेटने त्याला राजा ठरवलं, पण जेरुसलेम हाती यायला इ.स.पू. 37 साल उजाडलं, तेही रोमन सेनापती सोसियसच्या मदतीने.

अशा माणसाच्या दारात पूर्वेकडून मागी, म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी लोक, येतात आणि ‘यहूद्यांचा राजा’ कुठे जन्मला म्हणून विचारतात. पूर्व म्हटल्यावर त्याला पार्थियाच आठवणार. दुधाने तोंड पोळलेलं होतं.

त्याची सुरुवात चोख आहे. शास्त्र्यांकडून ठिकाण काढलं, मागींना गुपचूप बोलावून तारा दिसल्याची वेळ काढली. मग चुकला. पुढची सगळी खबर एकाच, त्यातही परक्या, सूत्रावर सोडली. जेरुसलेम ते बेथलेहेम जेमतेम नऊ किलोमीटर, पायी दोन तास, तरी मागींच्या मागावर एक हेर नाही! कदाचित उघड पहारा दिला तर अफवेला वजन येईल, हा हिशेब असावा. मागी दुसऱ्या वाटेने गेले आणि खबर तिथेच तुटली.

गाव माहीत, घर माहीत नाही, मूल ओळखता येत नाही. म्हणून हुकूम सुटला तो दोन वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलग्यांवर. ही मर्यादा ताऱ्याच्या वेळेवरूनच काढलेली होती. बायझंटाईन परंपरा 14,000 बालकं सांगते. हजारभर वस्तीच्या गावात दोन-तीन डझनांपलीकडे आकडा जात नाही. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस याच्या इतिहासात या हत्याकांडाचा उल्लेख नाही. मारेकरी कोण, हे मत्तय सांगत नाही. हेरोदाच्या अंत्ययात्रेत मात्र थ्रेसियन, जर्मन आणि गॉल शिपाई चालले होते. गावाशी नातं नसलेल्यांकडून असं काम करवून घेणं सोपं.

येशूचा पालक पिता योसेफ बाळाला घेऊन रात्रीच मिसरकडे निघाला. मिसर इ.स.पू. 30 पासून रोमच्या थेट ताब्यात, तिथे हेरोदाचं फर्मान चालत नव्हतं. हेरोद स्वतः जीव वाचवायला त्याच देशातून गेला होता.

हेरोद इ.स.पू. 4 मध्ये मेला. यहूदीया त्याचा मुलगा अर्खेलाव याच्याकडे गेल्याचं कळल्यावर योसेफाने दुसरा मुलगा अंतिपा याच्या गालिलात, नासरेथला मुक्काम हलवला. तेही सुरक्षित म्हणावं असं नव्हतं: हेरोदाच्या मृत्यूनंतर उठलेलं बंड मोडताना सीरियाचा सुभेदार वारूस याच्या फौजेने नासरेथपासून सहाएक किलोमीटरवरचं सेफोरिस जाळलं, तिथले लोक गुलाम केले आणि यहूदीयात सुमारे 2,000 जणांना क्रुसावर चढवलं.